घारापुरीतील घरावर कौले की पत्रे?

घारापुरी बेटावरील शेतबंदर, मोराबंदर किंवा राजबंदर येथे घर शाकारायचे म्हटले की प्रत्येक कौल होडीतून आणावे लागते, त्यामुळे वजनाने हलका आणि झटपट बसणारा लोखंडी पत्रा प्रथमदर्शनी सोयीचा वाटतो. मात्र खारा वारा त्याला स्क्रूच्या भोकापासूनच खाऊ लागतो. तिथे आधी तांबूस कडे उमटते आणि पुढे त्याच जागी पाणी ठिबकू लागते. मंगलोरी कौलाला गंज चढत नाही, उन्हाळ्यात त्याखालचे माजघर सुसह्य राहते आणि फुटलेले तेवढेच कौल बदलता येते. माकडांनी सरकवलेली कौले पावसाळ्यापूर्वी नीट लावून घ्यावी लागतात, हे खरे. २०१८ साली समुद्राखालील केबलने वीज आल्यामुळे पत्र्याखाली पंखा फिरतो, तरीही राहत्या घराला कौले आणि पडवीला पत्रा, असेच मी सुचवेन.