तयार तंत्रज्ञानाचा परवाना घ्यावा की प्रयोगशाळेबरोबर संयुक्त प्रकल्प करावा?

सरकारी प्रयोगशाळेचा दरवाजा ठोठावणाऱ्या लहान उद्योजकासमोर साधारण दोन वाटा असतात. तिथे तयार असलेल्या तंत्रज्ञानाचा परवाना घ्यायचा, नाहीतर आपली अडचण त्यांच्यापुढे ठेवून संयुक्त प्रकल्प करायचा. धातूवरच्या गंजरोधक कोटिंगसाठी मी दोन्ही करून पाहिलं आहे. रॉयल्टी, आगाऊ रक्कम, पेटंटची मुदत हे तुम्ही वाचलेलं असेलच, म्हणून त्यात शिरत नाही.

परवान्याचं काम लवकर उरकतं आणि खर्च आधी कळतो, हे मान्य करायलाच हवं. फक्त तंत्रज्ञान कुठवर सिद्ध झालंय ते विचारून घ्या. नासाची 9 पायऱ्यांची सज्जतेची मोजपट्टी आता बरेच जण वापरतात. त्यातली चौथी पायरी म्हणजे प्रयोगशाळेत जमलं, एवढंच.

मला खटकलं ते पुढे. परवान्याबरोबर आलेल्या कागदपत्रांत रेझिनची, म्हणजे कोटिंगच्या मूळ चिकट द्रव्याची, कृती होती, तापमान होतं आणि ‘उत्प्रेरक हळूहळू घालावा’ अशी सूचनाही होती. हळूहळू म्हणजे किती? काचेच्या फ्लास्कमध्ये हा प्रश्न पडत नाही, कारण रासायनिक क्रियेतली उष्णता बाजूंनी निघून जाते. पण भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की आतला माल 8 पट होतो आणि उष्णता सोडणारा पृष्ठभाग 4 पटच. आमच्या रिअ‍ॅक्टरमध्ये, म्हणजे क्रियेच्या मोठ्या भांड्यात, रेझिन तापत गेलं, बघता बघता घट्ट जेल झालं आणि अ‍ॅजिटेटर (ढवळणारं यंत्र) अडकला. फोन केला तर ज्या शास्त्रज्ञ मॅडमनी हे काम केलं होतं त्या दुसऱ्या प्रकल्पावर गेलेल्या, आणि करारातले मार्गदर्शनाचे दिवसही संपलेले. कुणी अडवणूक केली असं नाही. पण ज्यांना ठाऊक होतं त्यांच्यापर्यंत पोचायची सोयच करारात नव्हती.

संयुक्त प्रकल्पाला वेळ लागतो. विधी विभागाच्या फेऱ्या, शोधनिबंध कधी छापायचा, पेटंट कोणाचं, यावर बरीच चर्चा होते. अमेरिकेत 1986 च्या कायद्याने असे करार रुळवले. तिथे प्रयोगशाळा माणसं आणि उपकरणं देते, कंपनीला रोख पैसे देत नाही. निघालेली माहिती 5 वर्षांपर्यंत गुप्त ठेवता येते, शोध वापरण्याचा हक्क मात्र सरकार स्वतःकडेही राखतं. इतरत्र अटी वेगळ्या असतील, पण वाटाघाटीचे मुद्दे साधारण हेच.

तरीही माझं मन इकडेच झुकतं. आमचा इंजिनिअर तिथल्या तंत्रज्ञाशेजारी उभा राहून शिकला. काचेच्या कांडीवरून थेंब तुटतो की त्याची तार निघते, ते बघून तो माणूस उत्प्रेरक थांबवायचा. हे कागदावर कुठेच नव्हतं. दुर्गापूरच्या सीएमईआरआय या यांत्रिक अभियांत्रिकीच्या सरकारी संशोधन संस्थेत घडलेला ‘स्वराज’ ट्रॅक्टर 1974 साली बाजारात आला, तोही नुसत्या आराखड्यांच्या जोरावर नाही. तो घडवणारे चंद्रमोहन आणि त्यांचे काही सहकारी अभियंते स्वतः तो बनवणाऱ्या पंजाब ट्रॅक्टर्स कंपनीत गेले होते.

तंत्रज्ञान पायलट प्लांटवर, म्हणजे कारखान्याच्या छोट्या चाचणी आवृत्तीवर, चालून झालं असेल आणि तुमच्याकडे मुरलेला केमिस्ट असेल, तर परवाना कदाचित पुरेसा ठरेल. तसं नसेल तर मी थोडा उशीर पत्करून संयुक्त प्रकल्पच सुचवेन. आणि परवानाच घेणार असाल, तर मार्गदर्शनाचे दिवस सहीच्या तारखेपासून न मोजता पहिल्या मोठ्या बॅचपासून मोजायला लावा.