ब्लेक्सचा सीकॉक: वर्षातून एक तास मागतो, पण तो द्यायलाच हवा

सीकॉक म्हणजे बोटीच्या तळातल्या भोकावर बसवलेली, समुद्राचं पाणी चालू-बंद करणारी झडप. त्यातला बॉल व्हॉल्व्ह प्रकार (आत फिरणारा गोळा असलेला) जाम झाला की बहुतेक वेळा अख्खा बदलावा लागतो. ब्लेक्स कंपनीचा, आत निमुळता ‘कोन’ (शंकूसारखा फिरणारा धातूचा भाग) असलेला सीकॉक मात्र पूर्ण खोलता येतो, म्हणून तो मला जास्त भरवशाचा वाटतो.

बोट पाण्याबाहेर काढल्यावरच हात घाला. लॉकनट सैल करा, कोनला दाबून धरणारी दाबपट्टी काढा, कोन हलकेच ठोकून बाहेर घ्या. रॉकेलने पुसल्यावर कडेने राखाडी, मंद झळाळी सलग दिसली तर उत्तम. उभे ओरखडे असतील तर बारीक व्हॉल्व्ह पेस्ट (धातू घासून गुळगुळीत करणारी) लावून कोन त्याच्याच घरात मागेपुढे फिरवा. पेस्टचा कणही मागे राहू देऊ नका, नाहीतर झीज चालूच राहते. मग वॉटरप्रूफ ग्रीसचा पातळ थर.

खरी चूक आवळताना होते. ठिबकतंय म्हणून नट करकचून पिळतात, ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि धातूवर धातू घासतो. दांडा हलवत, दाबपट्टीचे दोन्ही बोल्ट थोडेथोडे आळीपाळीने आवळा.

सीकॉकला जोडलेल्या पाइपाला ३१६ स्टेनलेस स्टीलचे दोन क्लिप हवेतच, आणि पाणी आत येऊ लागलं तर भोकात ठोकायला शेजारी दोरीने बांधलेली लाकडी खुंटी.