१४९ रुपयांचा ‘नैसर्गिक’ टोनर मला ५,८७७ रुपयांना पडला

आधी हिशोब. टोनर म्हणजे चेहऱ्याला लावायचं, तेल कमी करतं म्हणून विकलं जाणारं पाणी. त्याच्या ट्रायल पॅकचे १४९ रुपये. पुढे दोनदा प्रत्येकी १,८९९ रुपये, परस्पर खात्यातून कापलेले. चेहरा भाजल्यावर त्वचारोगतज्ज्ञांची फी ८०० आणि औषधं १,१३० रुपयांची. एकूण ५,८७७. यातला एक रुपयाही अजून परत मिळालेला नाही.

माझं काम फिरतीचं आहे. दिवसभर ऊन, घाम आणि डोक्यावर हेल्मेट. दुपारपर्यंत कपाळ आणि नाक तेलाने चकाकायला लागतं, समोरच्याशी बोलताना रुमाल हातातच धरावा लागतो. हेल्मेटचा पट्टा घासतो तिथे हनुवटीखाली फोड येतात ते वेगळेच. पुरुष माणसाने चेहऱ्याला लावायला काही घ्यायचं म्हटलं की घरचेसुद्धा हसतात. म्हणून कुणाला न विचारता मोबाइलवर शोधत होतो. असं गुपचूप घेणारं गिऱ्हाईकच या लोकांना हवं असतं, कारण ते फसलं तरी बोंब मारत नाही. मी मारणार आहे.

कडुनिंब, तुळस, गुलाबपाणी. ‘केमिकल-फ्री’, ‘प्रिझर्व्हेटिव्ह (माल टिकवणारं रसायन) नाही’, ‘छिद्रं बंद, तेल बंद’. अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय ते पैसे भरतानाच्या स्क्रीनबद्दल.

वर लाल आकड्यांत उलटी मोजणी चालू होती, पाच मिनिटांत ऑफर संपणार म्हणून. ‘पैसे भरा’वर बोट ठेवलं आणि यूपीआयचं अ‍ॅप उघडलं. मध्यभागी ठसठशीत १४९. त्याखाली फिकट करड्या अक्षरांत ‘ऑटोपे’ (एकदा होकार दिला की पैसे आपोआप कापले जातात ते), मग ‘दर महिन्याला’, मग ‘कमाल रक्कम २,००० रुपये’, मग ‘रद्द करेपर्यंत’. पैसे घेणाऱ्याचं नाव टोनरच्या ब्रँडचं नव्हतं, भलत्याच कुठल्यातरी ट्रेडिंग कंपनीचं होतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. एका बाटलीसाठी ‘दर महिन्याला’ कशाला, एवढा एकच प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. ती चार ओळींची करडी अक्षरं आजही रात्री आठवतात आणि झोप उडते.

पण माझं म्हणणं ऐका. असे स्क्रीन आपण रोज बघतो. मोबाइलचं बिल, विजेचं बिल, सिनेमांची अ‍ॅप्स, सगळीकडे तोच रंग आणि तेच बटण. १४९ ठळक आणि २,००० फिकट, हे आपोआप घडत नाही, कुणीतरी बसून तसं रचलेलं असतं. वर घड्याळ लावून माणसाला पळवायचं आणि नंतर म्हणायचं की तुम्ही वाचलं का नाही? केंद्र सरकारने २०२३ साली ग्राहकांना फसवणाऱ्या अशा १३ क्लृप्त्या नावानिशी ठरवून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई लावणं त्यात आहे, दर महिन्याच्या वर्गणीच्या, म्हणजे सबस्क्रिप्शनच्या सापळ्यात अडकवणंही त्यात आहे. मग दोष माझ्या डोळ्यांचा कसा?

बाटली आली. आत हिरवंगार, काचेसारखं स्वच्छ पाणी. लेबल तिरकं चिकटवलेलं, एक कोपरा सुटलेला. मागे घटक म्हणून फक्त ‘शुद्ध वनस्पती अर्क’. बॅच नंबर नाही, उत्पादन परवान्याचा नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, नुसता एक ईमेल. झाकण उघडल्याबरोबर स्पिरिटचा वास नाकात गेला. आपल्याकडे कॉस्मेटिक्सचे २०२०चे नियम आहेत, त्यांप्रमाणे या गोष्टी लेबलवर छापणं साधारणपणे बंधनकारक आहे. बाटली हातात आली की आधी मागची बाजू बघा. पुढच्या बाजूवरची पानंफुलं कुणीही छापू शकतो.

लावल्यावर आग व्हायची. पहिले काही दिवस तेल खरंच कमी वाटलं, मग गालांवर लाल चट्टे आले, नाकाशेजारी सालं निघायला लागली. बाटलीसोबत ‘स्किन एक्स्पर्ट’चा व्हॉट्सअ‍ॅप नंबर होता, त्यावर फोटो पाठवले. उत्तर आलं, “घाबरू नका सर, हे पर्जिंग आहे. आतली घाण बाहेर पडतेय. डोस वाढवा, दिवसातून तीनदा लावा.” माझा सगळ्यात जास्त राग या वाक्यावर आहे. पैशाची चोरी एक वेळ समजू शकतो, पण भाजलेल्या चेहऱ्याचा फोटो बघून ‘अजून लावा’ म्हणणाऱ्याला काय म्हणायचं?

डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला आणि बाजूला ठेवून दिली. कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे एखादी गोष्ट लागून त्वचेला आलेली सूज. त्यांनी समजावलं ते असं. पर्जिंग म्हणतात ते रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या जातीचं औषध) किंवा त्वचेचा थर झपाट्याने बदलणाऱ्या अ‍ॅसिडने होऊ शकतं, आणि त्यातही मुरमं येतात. आग होऊन सालं निघणं म्हणजे पर्जिंग नव्हे. त्वचेवरच्या छिद्रांना स्नायू नसतात, त्यामुळे ती उघडत नाहीत आणि बंदही होत नाहीत. तेल किती सुटायचं हे मुख्यतः हार्मोन्सवर ठरतं. अल्कोहोलने वरचं तेल पुसलं जातं, पण त्वचेचं संरक्षण करणारा थरही त्याबरोबर जातो. गुलाबपाणी असो की तुळशीचा अर्क, वाफेने काढलेला असेल तर त्याला रंग नसतो. असा चकचकीत हिरवा दिसला की रंग घातलेला आहे असं समजा. आणि पाण्याचा टोनर प्रिझर्व्हेटिव्हशिवाय महिनोन्‌महिने टिकतो असं कुणी सांगत असेल तर त्याच्याकडून काहीच घेऊ नका, पाण्यात जंतू वाढतात.

मग घरीच लिंबू चोळू, असाही विचार मनात आला होता. डॉक्टरांनी तिथेही अडवलं. लिंबाचा रस त्वचेला फार आम्ल असतो, आणि तो लागलेला असताना उन्हात गेलं तर फोड आणि काळे डाग पडू शकतात. फिरतीचं काम करणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवा.

दरम्यान दुसऱ्यांदा १,८९९ कापले गेले होते, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. पैसे कापण्याआधी मेसेज येतो हे खरं, पण तो त्या अनोळखी ट्रेडिंग कंपनीच्या नावाने, कर्जाच्या आणि लॉटरीच्या मेसेजांच्या ढिगाऱ्यात.

बँकेत गेलो. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही.” निदान तक्रार लिहून घ्या म्हटलं तर अ‍ॅपवर करा म्हणाला. अ‍ॅपवर केली, ‘व्यवहार यशस्वी’ असा शेरा मारून बंद झाली. व्यवहार यशस्वी झाला हे मला माहीत आहे, तीच तर माझी तक्रार आहे! पोलीस ठाण्यात हवालदाराने रक्कम विचारली आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “चेहऱ्याला लावायच्या पाण्याचं प्रकरण आहे.” दोघं हसले. मग मला सांगितलं की हा माल विकत घेण्याचा वाद आहे, गुन्हा नाही. बिनपरवान्याच्या बाटलीसाठी एका सरकारी कार्यालयात गेलो तर तिथे विचारलं की बनवणाऱ्याचा पत्ता कुठे आहे. अहो, पत्ता नाही हाच तर गुन्हा आहे! पत्ता शोधून आणायचं काम माझं असेल तर ते कार्यालय कशासाठी उघडलंय? साहेब मीटिंगमध्ये, अर्ज आवक-जावकमध्ये आणि मी पुन्हा रस्त्यावर. लाखभर रुपये गेले असते तर कदाचित कुणी खुर्चीवरून उठलं असतं. हे चोर रक्कम मुद्दाम दोन हजारांच्या आत ठेवतात, कारण तेवढ्यासाठी इथे कुणी हलत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता ग्राहक आयोगाकडे ऑनलाइन तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावायची सक्ती नाही. बाटली, पाकीट, बँकेचं स्टेटमेंट, डॉक्टरांची चिठ्ठी आणि ‘अजून लावा’ म्हणणारे ते मेसेज, सगळं जपून ठेवलं आहे. तुम्हीही बाटली फेकू नका. संपली असली तरी रिकामी ठेवा.

ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं नियमाने बंधनकारक आहे. ते दिसलं नाही तर पुढे जाऊच नका. नवीन काहीही आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा.

आणि हे वाचून झाल्यावर लगेच यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपेची यादी उघडा. ओळखीचं नसलेलं नाव दिसलं तर तिथूनच रद्द करा. विकणाऱ्याला फोन करून रद्द करायला सांगू नका, तो ‘पुढच्या महिन्यापासून’ म्हणतो आणि तेवढ्यात आणखी एक हप्ता कापला जातो. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर कळवा, मालाबद्दलची तक्रार ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. मी माझ्या बँकेचे ते दिवस मोजतोय.