हेल्मेट हेडसेट: क्रेनने झाड उतरवताना आठ महिन्यांचा वापर

चार हेडसेटचा संच आहे. एक झाडावर चढून कापणाऱ्या कटरला, एक क्रेन ऑपरेटरला, एक ऑपरेटरला इशारे देणाऱ्या सिग्नलमनला आणि एक खाली तुकडा सोडवणाऱ्याला. बटण दाबायचं नाही, फोनसारखं चौघंही एकाच वेळी बोलतात-ऐकतात. काम शहरी सोसायट्यांतल्या वर्षावृक्ष, सोनमोहर, गुलमोहरांचं. क्रेन आउटरिगरवर (बाजूला पसरणाऱ्या आधारपायांवर) उभी राहणारी, लांबत जाणाऱ्या बूमची म्हणजे टेलिस्कोपिक. हायड्रा (चाकांवर फिरणारी छोटी क्रेन) स्वस्त पडतो म्हणून या कामाला बोलावू नका, पोच आणि स्थैर्य दोन्ही अपुरं पडतं.

आधी साधे वॉकीटॉकी होते, 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झच्या विनापरवाना पट्ट्यातले. त्यांचा खरा दोष रेंजचा नव्हता. एकाने बटण दाबून ठेवलं की बाकीच्यांची तोंडं बंद, आणि नेमकं तेव्हाच कुणालातरी ‘थांब’ म्हणायचं असतं. वर कटरचे दोन्ही हात करवतीवर असतात, तो बटण दाबणार कशाने? अमेरिकेत ओशाच्या (कामगार सुरक्षा संस्थेच्या) क्रेन नियमांत, कलम 1926.1420 मध्ये, ऑपरेटरला हात न लावता ऐकू येईल अशीच व्यवस्था लागते. ती अट का आहे ते पहिल्याच आठवड्यात पटतं.

पण हेडसेट विकत घेतला म्हणजे संवाद सुरक्षित झाला, असं अजिबात नाही. या माइकमध्ये आवाज गाळणारी यंत्रणा असते. करवतीची घरघर गाळताना ती बोलण्याची सुरुवात किंवा शेपूटही खाते. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो, म्हणून इथे धोका दुप्पट. ‘वर घेऊ नको’ मधला ‘नको’ गळला की ऑपरेटरला ऐकू येतं ‘वर घेऊ’. ‘सोडू नको’चंही तेच. त्यामुळे उचल चालू असताना ‘नको’ हा शब्दच बंद करा. नकार द्यायचा तर एकच शब्द, ‘स्टॉप’, आणि तोही तीनदा. ‘थांब’ची सुरुवात मऊ आहे, ती गाळणीत हरवते. ‘बस’ तर पूर्ण टाळा, ‘बसव’शी गल्लत होते आणि तुकडा अर्ध्यात खाली येऊ लागतो.

वर-खालीसाठी खलाशी आणि रिगर (अवजड माल उचलणाऱ्या) मंडळींचे जुने शब्दच सर्वांत चांगले चालले: उचलायला ‘हाबेस’, उतरवायला ‘आरिया’. (आरिया पोर्तुगीज ‘आरियार’वरून आला, अर्थ उतरवणे.) दोन्ही तीन अक्षरी, उच्चार एकमेकांपासून लांब, एखादं अक्षर गळलं तरी दुसरा शब्द ऐकू येत नाही. ‘वर’ एका झटक्यात निघून जातो. डावं-उजवं नेहमी ऑपरेटरच्या बाजूने.

हुक हलत असताना सिग्नलमनने बोलत राहायचं: ‘आरिया, आरिया, आरिया…’ आवाज तुटला की ऑपरेटरने हात थांबवायचा, कारण विचारायचं नंतर. हा नियम नसेल तर बॅटरी संपलेला हेडसेट आणि ‘सगळं ठीक’ यातला फरक केबिनमध्ये कळणारच नाही. हुकूम सिग्नलमन एकटाच देतो. स्टॉप मात्र चौघांपैकी कुणीही.

सर्वांत मोठा फायदा झाला तो वजनाच्या बोलण्यात. ओलं लाकूड घनमीटरला साधारण एक टन धरायचं. 60 सेंमी व्यासाचा, 3 मीटर लांबीचा ओंडका म्हणजे 850 किलोच्या आसपास. कटर कापण्याआधी तो आकडा बोलतो, ऑपरेटर परत म्हणतो आणि त्या रेडियसला (क्रेनच्या मध्यापासून हुकाच्या आडव्या अंतराला) किती वजन चालतं त्याचा चार्ट बघतो. चार्टमधल्या आकड्यातून हुक ब्लॉक (हुक आणि त्याची कप्पी) आणि शॅकलचं (जोडकडीचं) वजन वजा करायला विसरू नका. ओंडका बांधायचा हिरवा पट्टा 2 टनांचा, पण चोकर (ओंडक्याभोवती आवळणारा फास) घातला की 1.6 धरायचा. मग ताण घेताना ऑपरेटर इंडिकेटरवरचे (हुकावरचं वजन दाखवणाऱ्या काट्यावरचे) आकडे मोठ्याने वाचतो: चारशे, सहाशे, आठशे. तिथे थांब. तुकडा सुटण्याआधीच काटा 1100 वर गेला तर क्रेन झाड ओढतेय. शेवटचा धागा तुटताच ओंडका उसळतो. ताण कमी पडला तर उलटं, ओंडका पट्ट्यावर आदळून झटका बूमपर्यंत (क्रेनच्या हातापर्यंत) जातो. शेवटच्या कापाआधी कटरने आपली जागा सांगायची: उरलेल्या खोडाला बांधलेला, ओंडक्याच्या झोक्याबाहेर, स्वतःचा दोर पट्ट्यात अडकलेला नाही. हे तिन्ही ऐकल्याशिवाय हाबेस नाही.

आता तक्रारी. केबिनचा पत्रा आणि पावसात भिजलेला गच्च पर्णसंभार, दोन्ही सिग्नल खातात. सिग्नलमन कटर आणि ऑपरेटर दोघांना दिसेल अशा जागी उभा राहिला आणि केबिनची खिडकी उघडी ठेवली की बराच फरक पडतो. माइक ओठाच्या कोपऱ्यापासून बोटभर अंतरावर हवा. कटरने मान वळवली की तो सरकतो, म्हणून वर चढण्याआधी दांडी टेपने पक्की करा. माइकवरचा स्पंज भुसा आणि घामाने महिन्याभरात कडक होतो आणि आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. जादा स्पंज खिशात ठेवा. बॅटरी सुरुवातीला दिवसभर पुरायची. आता दुपारच्या जेवणात चार्जिंगला लावावी लागते.

हातवारे सोडू नका. रोज पहिल्या उचलीआधी हेडसेट मुद्दाम बंद करून एक रिकामा हुक फक्त हातवाऱ्यांवर वर-खाली करून घ्या. थांबायचं असेल तर एक हात बाजूला, तळवा खाली, मागेपुढे. तातडीचं असेल तर दोन्ही हात. ऑपरेटर दुसऱ्या कंत्राटातून नवा आला असेल तर हे दहा मिनिटं तिथेच शिकवा.