एकाच भोकाचे दोनदा पैसे : नव्या घराच्या बांधकामात झालेली आमची फसवणूक

घर बांधताना सिमेंटमध्ये फसवतात, सळईत फसवतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि लोक त्यावर नजर ठेवतात. आम्हाला कामांच्या क्रमात फसवलं गेलं. प्लंबिंग, वायरिंग आणि एसीचं डक्टिंग (हवा नेणाऱ्या मोठ्या नळांचं, म्हणजे डक्टचं काम) कुठल्या क्रमाने करायचं, हा तांत्रिक विषय म्हणून घरमालक ठेकेदारावर सोडतो. आमच्या ठेकेदाराने त्यातूनच पैसे काढले. ज्यांचं बांधकाम अजून सुरू व्हायचं आहे त्यांनी हे जरूर वाचावं.

त्याच्या कोटेशनमध्ये ‘सर्व सर्व्हिसेसचं नियोजन’ अशी वेगळी बाब होती आणि तिचे पैसे वेगळे लावले होते. म्हणजे प्लंबर, इलेक्ट्रिशियन आणि एसीवाला यांना एकत्र बसवून कुठला पाईप कुठून जाणार हे एका नकाशावर ठरवणं. शिवाय स्लॅबमध्ये स्लीव्ह बसवण्याचे पैसेही धरले होते. स्लीव्ह म्हणजे काँक्रीट ओतण्याआधी पाईपांच्या जागी ठेवलेल्या नळ्या. त्या असल्या की नंतर स्लॅब फोडावा लागत नाही. दोन्ही बाबींचे पैसे आम्ही वेळेवर दिले.

पुढच्या बिलात ‘जादा काम’ या सदराखाली कोअर कटिंग आलं. बाथरूमच्या पाईपांसाठी स्लॅबला मशीनने भोकं पाडल्याचा खर्च. विचारल्यावर उत्तर मिळालं, “स्लीव्ह थोड्या सरकल्या, साईटवर होतं असं.” स्लॅब भरण्याच्या दिवशी काँक्रीट यायच्या आधी आम्ही मोबाईलवर फोटो काढले होते. ते मोठे करून पाहिले. सळईची जाळी होती, इलेक्ट्रिकचे कंड्युट (वायरी घालायच्या नळ्या) होते, स्लीव्ह एकही नव्हती. न बसवलेल्या नळीचे पैसे आधी घेतले, आणि ती नसल्यामुळे पाडाव्या लागलेल्या भोकाचे पुन्हा घेतले. भोकं पाडताना काही ठिकाणी सळ्या कापल्या गेल्या, ते नुकसान तर पैशात मोजता येत नाही.

मग आम्ही दुसऱ्या एका इंजिनिअरला घर दाखवलं. त्याने छताखालची जागा पाहिली आणि क्रम उलटा झाल्याचं लगेच सांगितलं. सांडपाण्याच्या पाईपातलं पाणी फक्त उताराने वाहतं. 110 मिमीच्या पाईपला साधारणपणे मीटरमागे 10 ते 25 मिमी उतार लागतो. 1:60 चा उतार धरला तर 6 मीटर लांबीत पाईप 100 मिमी खाली येतो, आणि तो घासाघीस करून कमी करता येत नाही. म्हणून त्याची जागा सर्वांत आधी राखायची. त्यानंतर डक्ट, कारण तो आकाराने मोठा आणि वळवायला अवघड. पिण्याच्या व गरम पाण्याच्या लाईनमध्ये दाब असतो, त्या वर-खाली नेता येतात. वायरिंग सर्वांत लवचीक, त्यामुळे ते शेवटी. स्लॅबमधले कंड्युट तेवढे काँक्रीटच्या आधी घालावेच लागतात.

आमच्याकडे डक्ट आधी टांगला होता, कारण डक्टिंगवाला त्या आठवड्यात मोकळा होता. प्लंबरला नंतर बोलावलं. त्याने पाईप डक्टखालून नेला आणि पुढे तुळईखालच्या भोकात जोडण्यासाठी पुन्हा वर उचलला. मधल्या भागात पाणी साचून राहतं. प्लंबर प्रामाणिक माणूस होता. “साहेब, मी तेव्हाच बोललो होतो. ते म्हणाले, तू बसव, फॉल्स सीलिंगमध्ये झाकलं जाईल.”

सगळ्यात जास्त चीड आली ती प्रेशर टेस्टच्या कागदाची. भिंतीतल्या पाण्याच्या लाईन गिलाव्याआधी कामाच्या दाबाच्या दीडपट दाबाने तपासायच्या आणि काही तास दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा हलत नाही ना हे पाहायचं, ही सर्वमान्य पद्धत. आम्हाला सही केलेला अहवाल मिळाला होता. बाथरूमच्या टाईल्समागे ओल आली तेव्हा तोच कागद प्लंबरला दाखवला. सही त्याची नव्हती. साईटवर गेज कधी आणलाच नव्हता.

हे सगळं का केलं, त्याचं कारण करारात होतं. ‘गिलावा पूर्ण’ झाला की मोठा हप्ता. त्यामुळे आत काय झालंय याच्याशी देणंघेणं न ठेवता भिंती बंद करायची घाई, आणि नंतरची प्रत्येक फोडाफोड जादा कामात. इलेक्ट्रिकच्या झिऱ्यासुद्धा (वायरींसाठी भिंतीत कोरलेल्या खाचा) तयार भिंतीवर पुन्हा मारल्या, काही आडव्या आणि खोल. आडवी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक-षष्ठांशाहून आणि उभी एक-तृतीयांशाहून खोल नसावी, असा संकेत आहे. तो कुणी पाळला नाही.

तुमच्या करारात हप्ता ‘गिलावा पूर्ण’ला जोडू नका. ‘तुमच्यासमोर प्रेशर टेस्ट झाल्यावर आणि सांडपाण्याच्या लाईनमध्ये पाणी भरून पाहिल्यावर’ असं लिहून घ्या. एसीच्या तांब्याच्या नळ्या भिंतीत जाणार असतील तर त्यांची नायट्रोजनने केलेली तपासणीही (दाबाने वायू भरून गळती पाहणं) त्यात घाला. स्लॅबच्या आदल्या दिवशी नकाशा हातात घेऊन स्लीव्ह मोजा. भिंत बंद होण्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायचा टेप लावून फोटो काढा. आणि नकाशाशी न जुळल्यामुळे करावी लागलेली फोडाफोड जादा काम धरली जाणार नाही, हे वाक्य करारात हवंच. एवढं लिहायला जो ठेकेदार तयार होत नाही, त्याला काम देऊ नका.

फोटो समोर ठेवल्यावर ठेकेदाराने कोअर कटिंगचं बिल मागे घेतलं. टाईल्स काढून लाईन बदलण्याचा खर्च आम्ही त्याच्या शेवटच्या हप्त्यातून कापला आहे, त्यावर अजून वाद चालू आहे. डक्ट उतरवून पुन्हा टांगायचा आहे. ते काम दुसऱ्या माणसाला दिलंय, आणि या वेळी आधी नकाशा झाला आहे, त्यावर तिन्ही कारागिरांच्या सह्या आहेत.