मॉरिशसला उपकंपनी: राजकीय नातं असलेला संचालक की नसलेला?

सांगलीच्या हळद निर्यातदाराला मॉरिशसमध्ये उपकंपनी काढायची तर संचालकाचं राजकीय नातं असो वा नसो, भारतातले कागद तेच: बँकेत फॉर्म एफसी (परदेशी गुंतवणुकीचा अर्ज), यूआयएन म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक मिळाल्यावरच पैसे रवाना, मर्यादा नक्त मूल्याच्या (मालमत्ता वजा देणी) 400 टक्के, दरवर्षी 31 डिसेंबरपर्यंत एपीआर म्हणजे वार्षिक कामगिरी अहवाल.

संचालक मंत्र्यांचा मुलगा किंवा खासदारांचा मेहुणा असला की इथे कर्ज लवकर सुटतं आणि चौकशी आलीच तर कुणी सांभाळून घेईल असा भरवसा वाटतो. त्याच भरवशावर कागदी कंपन्यांचे थर चढवले जातात. पैसा फिरून भारतात येणार असेल तर परदेशी गुंतवणुकीच्या 2022 च्या नियमांनुसार उपकंपन्यांचे दोनपेक्षा जास्त थर चालत नाहीत.

मॉरिशसच्या बँकेला मात्र हेच वजन जोखीम वाटतं. तिच्या लेखी तो परदेशी राजकीय व्यक्तीचा नातलग, म्हणून वरिष्ठांची मंजुरी, कायमची नजर आणि संपत्तीच्या उगमाचा पुरावा लागतो. गाडी अडते ती इथेच. ‘शेतीचं उत्पन्न’ एवढं लिहून भागत नाही. मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या विक्रीच्या हिशोबपट्ट्या, सातबारा, बँक खात्यातली जमा यांचा मेळ बसावा लागतो.

नातं नसलेल्याचं खातं तुलनेनं सहज उघडतं. कर्ज एनपीए म्हणजे थकीत असेल तर दोघांनाही आधी बँकेची ना-हरकत हवी. 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर ती मिळाली असं धरतात.

आमच्या मते नातं नसलेला संचालकच घ्यावा. सत्ता बदलते, पण लपवलेल्या परदेशी मालमत्तेवर 2015 च्या काळा पैसा कायद्यानं 30 टक्के कर आणि त्याच्या तिप्पट दंड लागतोच.