मराठीत लिहिताय तर आधी सर्च कन्सोल लावा, ॲनालिटिक्स नंतर

आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात आता बरीच पोरं-पोरी ऑनलाईन लिहूलालेत. कोण गडकिल्ल्यांवर, कोण भातशेतीवर, कोण नुसतं आपल्या गावाबद्दल. आणि भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला, "व्ह्यूज किती आलेत सांग की." मला विचाराल तर त्या आकड्यातनं सगळ्यात कमी कळतं. वाचक काय शोधत आला आणि आल्यावर थांबला का, एवढं कळलं तर पुढचा लेख नीट लिहिता येतो. त्यासाठी गुगलची दोन फुकट साधनं आहेत, सर्च कन्सोल, म्हणजे लोक गुगलवर काय शोधून तुमच्यापर्यंत आले ते सांगणारं, आणि ॲनालिटिक्स, म्हणजे साईटवर आल्यावर त्यांनी काय केलं ते सांगणारं, दोन्ही मी वापरतो आणि दोघांत माझी आवड कुठली ते वर लिहिलंयच.

सर्च कन्सोलचा परफॉर्मन्स रिपोर्ट उघडला की वरती चार आकडे दिसतात. तुमचा लेख गुगलच्या निकालात दिसला ते इम्प्रेशन, त्यावर कुणी बोट लावलं ते क्लिक, आणि ह्या दोघांचं प्रमाण म्हणजे सीटीआर, म्हणजे समजा १००० वेळा दिसला आणि २० जण आत आले तर सीटीआर २ टक्के. चौथा आकडा सरासरी पोझिशन, निकालात तुम्ही कितव्या नंबरला असता ते. इम्प्रेशनवर फार जीव लावू नका, कारण तुमची लिंक निकालाच्या त्या पानावर असली की बास, वाचणारा खाली तिच्यापर्यंत आला नाही तरी ते मोजलं जातं.

खरी मजा खालच्या क्वेरीजच्या टॅबमध्ये आहे, लोकांनी गुगलमध्ये टाईप केलेले शब्द जसेच्या तसे. माझा एक लेख आहे मांड्यांवर, पालथ्या खापरावर मांडा कसा भाजतात, लग्नाच्या रुखवतात तो कसा येतो, असं सगळं जुनं जुनं मी लिहिलेलं. क्वेरीज बघितल्या तर निम्मे लोक विचारूलालेत 'मांडे किती दिवस टिकतात', 'मांडे कुठे मिळतात', 'मांडे पुण्याला कसे न्यायचे'. ही बाहेरगावी राहणारी आपलीच माणसं, गावाकडनं जाताना कुंदा आणि मांडे बांधून नेणारी! मी लेखात मांडे कसे टिकवायचे, डब्यात कसे भरायचे ह्याचा एक परिच्छेद घातला, शीर्षकात 'बेळगावचे मांडे' असं सरळ लिहिलं, आणि काही आठवड्यांत त्या लेखाचा सीटीआर वर सरकायला लागला. ॲनालिटिक्स कितीही उघडून बसलो असतो तरी हे कळलं नसतं.

आपल्यासाठी एक युक्ती सांगतो, कारण मराठी माणूस शोधताना कधी देवनागरीत टाईप करतो, कधी रोमन अक्षरांत. क्वेरी फिल्टरमध्ये कस्टम रेजेक्स (अक्षरांच्या नमुन्यावरनं गाळायची सोय) निवडा आणि [अ-ह] एवढंच लिहा, फक्त देवनागरीतल्या क्वेरीज राहतात. तिथंच 'मॅच होत नाही' वाला पर्याय घेतला की उरलेल्या, म्हणजे रोमन मराठी आणि इंग्लिश दोन्ही. माझ्याकडं गडाच्या आणि खाण्याच्या लेखांना रोमनमधनं जास्त येतात, आणि शेती, साहित्य संमेलन असल्या विषयांना देवनागरीतनं. राजहंसगडाच्या लेखात मी येळ्ळूरचा किल्ला हेही नाव मुद्दाम वापरतो कारण दोन्ही नावांनी शोध येतो, आणि शहराचं तर माहीतच आहे, २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून सरकारी नाव बदललं पण आपली माणसं शोधताना बेळगावच लिहितात, आणि मी पण तेच लिहिणार.

आता उणिवा. टेबलमध्ये जास्तीत जास्त १००० ओळी दिसतात, डेटा मागच्या १६ महिन्यांचाच राहतो, आणि आजचा पक्का आकडा बघायचा तर दोन-तीन दिवस थांबावं लागतं. फार कमी लोकांनी विचारलेल्या क्वेरीज प्रायव्हसीसाठी झाकलेल्या असतात, त्यामुळं खालची बेरीज आणि वरचा टोटल जुळत नाही, घाबरू नका, आणि छोट्या मराठी साईटला हे जास्तच जाणवतं कारण आपल्याकडं एकेकानंच विचारलेले शोध भरपूर असतात. १६ महिन्यांची अडचण मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून मी अधनंमधनं सगळं शीटमध्ये डाऊनलोड करून ठेवतो.

ॲनालिटिक्सचं वेगळं. जुनं व्हर्जन १ जुलै २०२३ ला बंद झालं, आता जीए४, म्हणजे गुगल ॲनालिटिक्स ४ आहे, आणि ते बघितलं की वाटतं हे दुकानदारांसाठी बनवलंय. सुरुवातीला माणूस गांगरतो. लिहिणाऱ्यानं त्यातलं थोडंच बघावं. एंगेज्ड सेशन, म्हणजे मन लावून दिलेली भेट, कधी धरतात तर वाचक १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला, किंवा दोन पानं बघितली, किंवा तुम्ही महत्त्वाची म्हणून ठरवलेली एखादी कृती, म्हणजे की इव्हेंट, झाली. आता दहा सेकंदांत पहिला परिच्छेद तरी वाचून होतो काय? म्हणून मी अशा सेशनचा टक्का सोडून देतो आणि सरासरी एंगेजमेंट टाईम बघतो, त्यात पान समोर उघडं असतानाचाच वेळ धरतात. आणि स्क्रोलचा इव्हेंट, म्हणजे स्क्रोल केल्याची नोंद, ती वाचक पान ९० टक्के खाली आला की होते, लांब लेख लिहिणाऱ्याला फार कामाचा.

शहरांचा रिपोर्ट मात्र सीमाभागातल्या माणसानं जपून वाचावा. शहर आयपी ॲड्रेसवरनं, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या नंबरावरनं, अंदाजानं काढतात आणि मोबाईल डेटावरचा माणूस बऱ्याचदा भलत्याच मोठ्या शहराच्या नावावर पडतो, खानापूरच्या शेतात बसून वाचणारा बंगळूरचा दिसू शकतो. बंगळूर वरती दिसलं म्हणून लगेच तिकडच्या मराठी लोकांसाठी लिहायला घेऊ नका. भाषेच्या रिपोर्टचं तसंच, तो फोनची किंवा ब्राऊझरची भाषा दाखवतो, आपल्यातल्या कितीतरी जणांचा फोन इंग्लिशवर असतो, तेव्हा तिथं मराठी कमी दिसली म्हणून मन खट्टू करून घ्यायचं कारण नाही, वाचणारा मराठीच वाचतोय.

व्हॉट्सॲपचा घोळ सगळ्यांनाच होतो. आपले निम्मे वाचक ग्रुपमधनं येतात आणि ते बहुतेक रिपोर्टमध्ये 'डायरेक्ट' म्हणून, म्हणजे कुठनं आले ते कळत नाही असे, दिसतात. उपाय सोपा आहे, लिंकच्या शेवटी यूटीएम जोडायचं, म्हणजे लिंक कुठं टाकली (सोर्स) आणि कशासाठी टाकली (कॅम्पेन) त्याचं नाव, अशी लिंक बनवायला गुगलचं फुकट यूआरएल बिल्डर आहे. मी गावच्या ग्रुपला वेगळी लिंक टाकतो आणि पुण्यात नोकरीला असलेल्या बेळगावकरांच्या ग्रुपला वेगळी. गावचे लोक रात्री जेवणं झाल्यावर उघडतात आणि शेवटपर्यंत वाचतात, पुण्याचे दुपारी उघडतात, पटकन चाळतात, पण त्यांच्याकडनं लिंक पुढं जास्त जाते. आता साहित्य संमेलनाच्या दिवसांत, कडोली असो येळ्ळूर असो, वृत्तांत लिहिला की गावच्या ग्रुपला संध्याकाळीच टाकतो.

कुणी नवीन लिहायला लागलं असेल तर आजच सर्च कन्सोल जोडून टाका, कारण प्रॉपर्टी, म्हणजे तुमची साईट, जोडल्यापासूनच डेटा साठायला सुरुवात होते, मागचं मिळत नाही. मालकी सिद्ध करायला साईटच्या कोडमध्ये एक टॅग टाकायचा असतो, जमत नसेल तर कॉम्प्युटर शिकणाऱ्या कुठल्याही भाच्या-पुतण्याला बसवा. ॲनालिटिक्स दहा-पंधरा लेख झाल्यावर लावलं तरी चालतंय. माझ्याकडनं सर्च कन्सोलला पाचपैकी साडेचार आणि ॲनालिटिक्सला तीन. तो अर्धा मार्क कापला कारण सर्च कन्सोल देशापर्यंतच सांगतं, गाव तर सोडाच, राज्यसुद्धा दाखवत नाही, आणि आम्हाला इथनं तेच तर बघायचं असतं.